चुकीच्या गोष्टीची बिनचूक प्रत

आमच्या गल्लीत माझी एक ख्याती आहे. ज्याचा कॉम्प्युटर थोडासा बिघडलाय त्याने मला बोलवावं. मी तो पूर्ण बिघडवून देतो, म्हणजे नवा घ्यायला मन मोकळं होतं. हे वाक्य माझं नाही, माझ्या थोरल्या भावाचं. दादा ते चारचौघांत म्हणायचा, मी समोर बसलेला असताना म्हणायचा, आणि सगळ्यांत मोठ्याने मीच हसायचो, कारण ते खरं होतं. पंचांग छापणाऱ्या शेजारच्या काकांच्या मशीनवर मी विंडोजच्या जागी मोठ्या हौसेने लिनक्स घातलं, तेव्हापासून त्यांच्या प्रिंटरने जो संन्यास घेतलाय तो आजतागायत. नोकरीतून निवृत्त झालेली माणसं काशीला येतात. मी जन्मलोच काशीत, बँकेत नोकरी केली तीही इथेच. मग निवृत्तीनंतर मी जाणार कुठे? मी लिनक्सला गेलो.

दादा मला ‘मशीनबाबा’ म्हणायचा. काशीत बाबांना तोटा नाही, त्यात एक घरचा.

“काय मशीनबाबा, आज कोणाच्या मशीनला मोक्ष दिलात?” अशी त्याची खालून हाक आली की स्वैपाकघरातून वहिनी हसायच्या.

‘म्हणायचा’ असंच लिहितोय. आता म्हणत नाही. ते का, हे सांगायला बसलोय.

आमचं घराणं तीर्थोपाध्यायाचं. महाराष्ट्रातल्या काही गावांची माणसं काशीला आली की पिढ्यान्पिढ्या आमच्याकडेच उतरत आली आहेत. विधी झाला की आमच्या वहीत नाव लिहायचं: कोण आलं, कोणाचा मुलगा, कोणाचा नातू, सोबत कोण, कोणाच्या अस्थी आणल्या. खाली सही. पुढे चाळीस-पन्नास वर्षांनी नातू येतो, गावाचं नाव सांगतो, दादा लाल कापडाचं बासन सोडतो आणि त्याच्या आजोबांची सही त्याच्यापुढे ठेवतो. मी पाहिलंय, तोपर्यंत तावातावाने रिक्षावाल्याबद्दल बोलणारी माणसं त्या पानासमोर एकदम गप्प होतात.

वह्या आठ होत्या. तीन अलीकडच्या, दादाच्या हातच्या. पाच जुन्या: बाबांच्या आणि त्यांच्याही आधीच्या. त्या पाचांना कसर लागली होती, आणि नंतर वाळवी. पान उलटलं की अर्धं पान बोटाला यायचं.

जीर्ण वहीचं काय करायचं याची आमच्याकडे रीत ठरलेली. नवी वही करायची, जुनी तिच्यात उतरवायची, मग जुनी गंगेला द्यायची. पण त्याआधी मेळ घ्यायचा. म्हणजे एकाने नवी वही मोठ्याने वाचायची, दुसऱ्याने जुन्या वहीच्या ओळीवर बोट ठेवून पुढे सरकायचं. बोट शेवटच्या ओळीच्या शेवटच्या अक्षरापर्यंत पोचलं की मेळ झाला. तोपर्यंत जुनी वही जागची हलवायची नाही.

लहानपणी एकदा ते बोट होण्याचा मान मला मिळाला होता. बाबा वाचत होते, मी बोट सरकवत होतो, आणि वर आकाशात पतंग चालले होते. मी दोन-दोन ओळी ओलांडत लवकर खाली पोचलो. बाबा थांबले. ते वाचत होते त्याच्या पुढे माझं बोट गेलेलं. त्यांनी माझं बोट धरून पानाच्या पहिल्या ओळीवर नेऊन ठेवलं आणि पुन्हा पहिल्यापासून वाचायला लागले. दादा तेव्हा पंधरा वर्षांचा, शेजारी बसून नवी पानं शिवत होता. तो मला म्हणाला, “बोट तुझं आहे, घाई पतंगाची आहे.” त्या घराण्यातला मी. नंतर जे केलं ते वाचताना हे लक्षात असू द्या.

यावेळी नवी वही कागदाची करायची नाही, कॉम्प्युटरवर करायची असं दादाने ठरवलं. पुतण्या पुण्याला नोकरीला गेला, त्याचं मशीन मागे राहिलं होतं. दादा पन्नाशीनंतर दोन बोटांनी टायपिंग शिकला. रोज दुपारचं जेवण झालं की बसायचा. मोडी वाचायची, देवनागरीत उतरवायची, पानाचा फोटो काढून शेजारी चिकटवायचा. संध्याकाळी वहिनी पडद्यावरचं मोठ्याने वाचायच्या आणि दादा जुन्या पानावर बोट सरकवायचा. वहिनी वाईच्या. त्या म्हणायच्या, “भाऊजी, लग्नात माझं एक नाव बदललं, इथे येऊन मी रोज शंभर माणसांची नावं घेते.” अकरा वर्षं हे चाललं. पाचही वह्या उतरल्या, पाचांचाही मेळ झाला.

आता अडचण अशी, की दादा ज्या मराठी टायपिंगच्या प्रोग्रामवर हे करत होता तो फार जुना. बनवणाऱ्यांनी दुकान केव्हाच बंद केलेलं, पुन्हा टाकायची सोय नाही, त्याचा नंबर लिहिलेला कागद पुतण्याने कधीच हरवलेला. आणि त्यातली अक्षरं दुसऱ्या कुठल्याही मशीनवर उघडली तर यजमानांचे पूर्वज टक्के, कंस आणि उद्गारचिन्हं होऊन समोर येत. म्हणजे नुसत्या फायली जपून भागणार नव्हतं. ते विंडोज जसंच्या तसं, त्या प्रोग्रामसकट, जिवंत राहायला हवं होतं.

हे ऐकून मी हातातला चहा खाली ठेवला. अख्ख्या आयुष्यात घरातलं कोणी मला माझ्या विषयातलं काम पहिल्यांदाच सांगत होतं.

“दादा, मी अख्ख्या विंडोजची प्रत काढून ठेवतो. उद्या मशीन गंगेत पडलं तरी दुसऱ्या मशीनवर तेच विंडोज, तीच खिडकी, तोच तुझा प्रोग्राम.”

“विंडोजला कळणार नाही का?”

“झोपलेलं असेल. मी पेन ड्राइव्हवरून लिनक्स चालू करणार. विंडोज निजलेलं असताना बाहेरून त्याचा कण न् कण उतरवून घेणार. चालत्या माणसाचं माप शिंप्याला घेता येत नाही, तसंच आहे.”

“निजलेल्याचं माप आमच्याकडे मणिकर्णिकेवर घेतात,” दादा म्हणाला. “जपून घे.”

लिनक्सने डिस्क दाखवली तेव्हा तिचे तीन भाग दिसले. पहिला चिमुकला, मशीन सुरू करण्यापुरता. दुसरा विंडोजचा, ज्याला सगळे सी म्हणतात. तिसरा डी, सगळ्यांत मोठा. मी पहिला घेतला, दुसरा घेतला. तिसऱ्यापाशी थांबलो. थांबलो होतो, हे मला पक्कं आठवतं. माझ्या बाहेरच्या डिस्कवर जागा उरली नव्हती. का नव्हती? कारण मी तिच्यावर नऊ प्रकारची लिनक्स साठवून ठेवली होती, त्यांतली सात मी कधी उघडलीही नव्हती. मी मनाशी म्हणालो, डी म्हणजे पुतण्याचे कॉलेजातले सिनेमे असणार. दादाच्या वह्या तर पडद्यावरच आहेत, मी रोज बघतो, डावीकडे वरती पिवळा फोल्डर, ‘वह्या’.

त्या पिवळ्या फोल्डरच्या कोपऱ्यात एक छोटासा बाण होता. तो बाण असला की समजायचं, इथे वस्तू नाही, वस्तूकडे जायची नुसती पाटी आहे. हे मी गल्लीतल्या निदान दहा जणांना समजावून सांगितलं होतं.

दादाच्या वह्या डीमध्ये होत्या. मशीन बसवून देणाऱ्या दुकानदाराने पहिल्याच दिवशी त्याला बजावलं होतं, “गुरुजी, सी में कुछ मत रखिएगा. विंडोज उड़ा तो सी साफ.” दादाने ते शास्त्रासारखं पाळलं. त्याच्या लेखी सी म्हणजे ओवळं, येणाऱ्या-जाणाऱ्याचं. डी म्हणजे सोवळ्यातली जागा. देव कुठे ठेवलेत हे घरातल्या माणसाला कोणी सांगतं का? म्हणून त्याने मला सांगितलं नाही. आणि मी विचारलं नाही, कारण विचारतो तो मशीनबाबा कसला.

प्रत तयार झाली. मी मूळ आणि प्रत यांचे लांबलचक आकडे मशीनकडून काढून शेजारी शेजारी ठेवले. तंतोतंत जुळले. मी ते दादाला दाखवले.

“मेळ घेतलास?” त्याने विचारलं.

“हाच मेळ. एक कणही इकडचा तिकडे असता तर आकडा बदलला असता.”

“तसं नाही रे. दुसरीकडे उघडून, वाचून पाहिलंस?”

“दादा, यंत्र पतंग बघत नाही.”

तो हसला. त्याला ते आवडलं. मला तर इतकं आवडलं की मी ते आठवडाभर लोकांना सांगत फिरलो.

माझ्या त्या शब्दावर दादाने दिवस ठरवला. पाच वह्या नव्या लाल कापडात बांधल्या, प्रत्येकीत एक दगड. राजा घाटावरून आम्ही नाव केली. नाववाला बासनाकडे बघून म्हणाला, “अस्थि है का, गुरुजी?” दादा म्हणाला, “वही समझ लो.” मधल्या धारेला नाव थांबली. दादा एकेक वही दोन्ही हातांवर घ्यायचा, कपाळाला लावायचा आणि पाण्यात सोडायचा. चार गेल्या. पाचवी बाबांची. तिची गाठ सैल होती की काय, ती लगेच बुडाली नाही. पाण्यावर उघडली, दोन-तीन पानं वर तरंगली, शाई निळसर होऊन पसरली. बाबांचं अक्षर तिरकं, शेवटची रेघ लांब ओढलेली. तेवढं मला दिसलं. दादा रडत होता. मला कोणी रडायला लागलं की काहीतरी विनोद सुचतो, हा माझा जुना रोग. मी पाण्याकडे बघून हात जोडले आणि म्हणालो, “जा बाबा निवांत. बॅकअप घेतलाय.”

दादा रडता रडता हसला. नाववालाही हसला, त्याला काही कळलं नव्हतं तरी.

पावसाळा संपता संपता ते मशीन एका सकाळी उठेना. काळा पडदा, वर कोपऱ्यात लुकलुकणारी रेघ. घरात एकटा मीच आनंदात होतो. माझ्याकडे प्रत होती ना! नवी डिस्क आणली, पेन ड्राइव्ह लावला, लिनक्स चालू केलं, आणि प्रत नव्या डिस्कवर ओतली. विंडोज काही उठेना. दोन दिवस मी त्या मशीनसमोर मांडी घालून बसलो होतो. सुरुवातीचा तो चिमुकला भाग रुसला होता; त्याची समजूत काढता काढता मी जेवायला उठत नव्हतो. वहिनी ताट तिथेच आणून ठेवायच्या. “भाऊजी, पूर्वी लोक समाधी घेत ती अशीच का?”

तिसऱ्या दिवशी विंडोज उठलं. तेच चित्र, तीच घड्याळाची जागा, दादाचा तोच प्रोग्राम. मी त्यात ‘श्री’ टाइप करून दाखवलं. आणि डावीकडे वरती पिवळा फोल्डर, ‘वह्या’, जागच्या जागी. पितृपक्ष चालू होता, दादाला घाटावर जायची घाई. तो दारातूनच पडद्याकडे बघून म्हणाला, “आहे सगळं.” मग परत आत आला, बोटाने मशीनला कुंकू लावलं, आणि माझ्या पाठीवर हात ठेवला. “मशीनबाबा, शब्द खरा केलास.”

वहिनींनी शिरा केला. मी दोनदा मागून घेतला.

आता इथे मी थांबलो असतो तरी चाललं असतं. जुनी डिस्क बाजूला काढून ठेवली होती. ती आजारी होती, मेलेली नव्हती; विंडोजचा भाग खराब झालेला, तिसरा भाग कदाचित धडधाकट असेल. पण शिरा खाल्ल्यावर मला सुरक्षितता आठवली. या डिस्कवर इतक्या घराण्यांची नावं, उद्या भंगारवाल्याच्या हाती लागली तर? ती पुसून टाकली पाहिजे, तीही वरवर नाही, पहिल्यापासून शेवटपर्यंत शून्यं लिहून, म्हणजे देशातला कुठलाही कारागीर त्यातून काही उकरून काढू शकणार नाही.

दुपारी दादा जेवायला आला होता. म्हणाला, “राहू दे की पडून कोनाड्यात. खायला मागते का?”

“दादा, हे काम नीट केलं पाहिजे.”

“करा बाबा.”

मी लिनक्समध्ये ती आज्ञा टाइप केली. एका अक्षराची चूक झाली तर भलतीच डिस्क पुसली जाते अशी ती आज्ञा. आयुष्यात एकच आज्ञा मी पहिल्या फटक्यात बिनचूक टाइप केली असेल, ती ही. दुपारभर शून्यं लिहिली जात होती आणि मी शेजारी बसून चहा पीत होतो. तीन कप झाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी कऱ्हाडकडचे एक निवृत्त मास्तर आले. सत्तरी ओलांडलेले, एकटेच, खांद्याला झोळी. बायकोच्या अस्थी घेऊन आले होते. विधी आटोपून दादाबरोबर घरी आले, पाय धुतले, आणि चटईवर बसल्यावर म्हणाले, “गुरुजी, एक विनंती. मी सहा वर्षांचा असताना वडिलांबरोबर इथे आलो होतो. आजी गेली तेव्हा. वडिलांनी वहीत लिहिलं, मी त्या दौतीत बोट बुडवलं आणि पानावर पुसलं. लई मार खाल्ला. पण तुमच्या वडिलांनी मला सोडवलं, म्हणाले, असू दे, याचीही सही झाली. हिला मी ही गोष्ट लग्नापासून सांगत आलो. ती म्हणायची, मला नेऊन दाखवा तुमचं बोट. राहून गेलं. आता तिचं नाव त्याच पानाखाली लिहायचंय.”

दादाचा चेहरा उजळला. “उजव्या कोपऱ्यात,” तो म्हणाला. “खालच्या. अंगठ्याएवढा निळा डाग. मी फोटो काढला तेव्हा ही म्हणाली होती, हे पान डागाळलंय, परत काढा. मी म्हटलं, डाग नाही, कोणीतरी पोर आहे ते.”

मास्तर हात जोडून बसले होते.

“कागदाच्या वह्या जीर्ण झाल्या म्हणून गंगार्पण केल्या,” दादा म्हणाला, “पण पान आहे. फोटो आहे. माझ्या धाकट्या भावाने जपून ठेवलंय.” आणि माझ्याकडे मान हलवून मशीनपाशी गेला. मास्तर उठून त्याच्या मागे उभे राहिले, चष्मा पुसून घातला.

दादाने पिवळ्या फोल्डरवर दोनदा टिचकी मारली.

एक चौकट आली. इंग्रजी. ही पाटी ज्या वस्तूकडे नेते ती वस्तू जागेवर नाही, असा काहीसा मजकूर. आणि खाली प्रश्न: ही पाटी पुसून टाकायची का?

दादाला इंग्रजी बेताचं येतं, पण तेवढं आलं. त्याने ‘नाही’ दाबलं. पुन्हा टिचकी मारली. पुन्हा तीच चौकट. पुन्हा ‘नाही’. मग त्याने हळूच माझ्याकडे वळून विचारलं, “डी कुठे आहे?”

माझ्या मनात सगळं एकदम जागेवर बसलं. पुतण्याचे सिनेमे, नऊ लिनक्स, बाण, तीन कप चहा. मला वाटतं मी म्हणालो, “कसली डी?” म्हणजे त्या क्षणीसुद्धा मी खोटंच बोललो.

मी आतल्या खोलीत गेलो आणि पुसलेली डिस्क माझ्या मशीनला जोडली. डिस्कच्या पोटात काय आहे हे कण न् कण दाखवणारी एक आज्ञा असते. ओळींमागून ओळी सारख्याच असतील तर ती पहिली एकच ओळ दाखवते आणि खाली एक चांदणी काढते: म्हणजे पुढे शेवटपर्यंत हेच. माझ्यासमोर शून्यांची एक ओळ आली. खाली चांदणी. बाबांचं अक्षर, आजोबांचं अक्षर, दादाची अकरा वर्षं, सहा वर्षांच्या पोराचं बोट. एक चांदणी.

बाहेर आलो तेव्हा दादाने माझ्याकडे एकदा पाहिलं, आणि त्याला समजलं. मास्तरांकडे वळून म्हणाला, “मशीनने दगा दिला. माझीच चूक. जुनं पान नाही दाखवू शकत तुम्हाला.”

‘माझीच चूक.’ मी तिथे उभा होतो. मी बोलायला हवं होतं. माझ्यासारखा बडबड्या माणूस, ज्याला दुसऱ्याच्या रडण्यात विनोद सुचतो, त्याला त्या वेळी एक शब्द सुचला नाही.

मास्तरांनी चष्मा काढून पुन्हा पुसला. मग म्हणाले, “असू दे गुरुजी. नुसतं बघायचं तर होतं.” ते ज्या आवाजात म्हणाले तो आवाज मला आंघोळ करताना, भाजी निवडताना, कुठेही ऐकू येतो.

दादाने नवी कोरी वही काढली. पहिल्या पानावर श्री लिहिलं. “तुम्ही सांगा, मी लिहितो.” मास्तरांना वडील, आजोबा आठवत होते, पुढचं नाही. पुढच्या दोन पिढ्या दादाने डोळे मिटून स्वतःच सांगितल्या आणि लिहिल्या. शेवटी बायकोचं नाव. मास्तरांनी सही केली. दादाने शाईची बाटली त्यांच्यापुढे सरकवली आणि पानाच्या उजव्या कोपऱ्याकडे बोट दाखवलं. मास्तरांनी मान हलवली. “आता नको. आता मारणारं कोणी नाही.”

ते गेल्यावर मी दादाचे पाय धरले. तो म्हणाला, “ऊठ. जेवून घे.” आणि मला नावाने हाक मारली. माझं पूर्ण नाव, रेशन कार्डावरचं. मला आठवतंय तेव्हापासून त्याने ते कधी उच्चारलं नव्हतं. त्यानंतर तेच उच्चारतो. माझ्याशी नीट बोलतो. चहा घेतलास का, विचारतो. एकदाही ओरडला नाही, आणि गल्लीत कोणाला काही सांगितलं नाही. गल्लीतले लोक अजून मला कॉम्प्युटर दाखवायला बोलावतात. मी जात नाही. वहिनी एकदा म्हणाल्या, “भाऊजी, त्यांनी तुम्हाला शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.” मलाही.

विंडोजची ती प्रत अजून माझ्याकडे आहे. नऊच्या नऊ लिनक्स पुसली, तिला हात लावला नाही. दर महिन्याला एकदा ती उघडून पाहतो. उत्तम चालते. जगात इतकी चांगली प्रत क्वचितच कोणी काढली असेल. पिवळा फोल्डर जागेवर आहे, बाणासकट.

हल्ली दुपारी जेवणानंतर दादा मला बोलावतो. तो आठवून सांगतो, मी कोऱ्या वहीत शाईने लिहितो. एका गावापासून सुरुवात करतो, मग त्या गावातली घराणी, मग पिढ्या. कधी दिवसात एक पान होतं, कधी चार ओळी. त्याचं वय झालंय. गेल्या महिन्यात सांगितलेलं नाव या महिन्यात वेगळं सांगतो, आणि दोन्हींपैकी खरं कुठलं ते आता कोणीच सांगू शकत नाही.

पान संपलं की तो म्हणतो, “मेळ घेऊ.” मी लिहिलेलं मोठ्याने वाचायला लागतो. दादा डोळे मिटतो आणि समोरच्या चटईवर, जिथे काहीच नाही तिथे, तर्जनी टेकवतो. मी वाचतो तसं त्याचं बोट चटईवरून सरकतं, ओळ संपली की डावीकडे येतं, खालच्या ओळीला लागतं. मी घाई करत नाही. त्याचं बोट मागे राहिलं तर थांबतो.

काल ते मध्येच थांबलं. मी पुढचं नाव वाचलं, बोट हललं नाही. मी पुन्हा वाचलं.

“इथे काहीतरी होतं,” दादा म्हणाला, डोळे मिटलेलेच. “बाबांनी समासात काहीतरी लिहिलं होतं. आडवं.”

खालून गल्लीतून कोणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं.

“नाही येत,” तो म्हणाला. “जागा सोड.”

“किती?”

“दोन ओळींची.”

मी दोन ओळी कोऱ्या सोडल्या. चटईवरचं त्याचं बोट दोन ओळी खाली आलं, आणि मी पुढे वाचायला लागलो.